चाकं मी सरळ केली

सोमवार, ५ जानेवारी

मी रोजनिशी लिहिणाऱ्यांतली बाई नाही. ज्यांना दिवसभर काम नसतं ते रोजनिशी लिहितात. पण काल क्लबच्या मैदानावर ह्यांनी चारचौघांत सांगितलं की, बायकोने चाकं सरळ केली म्हणून गाडी भिरभिरली. लोक हसले. म्हणून लिहायला बसले आहे. यापुढे गाडीला कोणी, कधी, काय केलं ते तारखेनिशी लिहिलेलं असेल. मग बघू कोण हसतं.

आधी वस्तुस्थिती. ह्यांना रिमोटवर चालणाऱ्या बगीचा नाद आहे. बगी म्हणजे हातभर लांबीची, मोठ्या चाकांची, मातीत पळवायची गाडी. खेळणं नव्हे, असं हे पाहुण्यांना सांगतात. इतकी वर्षं हे शर्यतीत उतरतात आणि इतकी वर्षं दुसऱ्या फायनलमध्ये पळतात. पात्रता फेरीतले पहिले दहा जण पहिल्या फायनलला जातात, उरलेले दुसऱ्या. हे कधी अकरावे, कधी बारावे.

आता ह्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला आहे. डॉक्टर म्हणाले, रिमोट यंदा धरता येईल, पुढच्या वर्षीचं आत्ताच विचारू नका. बारीक स्क्रू पिळणं बंद. म्हणजे हा शेवटचा हंगाम. शर्यती तीन. पहिली भुसभुशीत मातीवर, ती काल झाली. दुसरी हॉलमध्ये गालिच्यावर. तिसरी रोलर फिरवून घट्ट केलेल्या मातीवर. एकदा, फक्त एकदा, पहिल्या फायनलच्या वेळी मचाणावर, म्हणजे गाडी चालवणाऱ्यांच्या उंच ओट्यावर, उभं राहायचं, एवढंच ह्यांचं म्हणणं आहे.

दर जमिनीला गाडी वेगळी लावावी लागते. स्प्रिंगा, शॉकअपमधलं तेल, टायर, उंची. लावणारे हात आता माझे आहेत. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आहे, फर्स्ट क्लासमध्ये. निवृत्तीपर्यंत परीक्षा विभाग सांभाळला. माझ्या हाताखाली एक पेपर इकडचा तिकडे झाला नाही. हातभर गाडीचं काय मोठंसं.

काल झालं ते असं. मागची चाकं वरून आत कललेली आणि पुढून किंचित आत वळलेली होती. दारू प्यायल्यासारखी. शनिवारी दुपारी मी गुण्या लावून ती सरळ काटकोनात केली. हे झोपले होते. काल पहिल्याच वळणावर गाडी स्वतःभोवती फिरली. दुसऱ्या वळणावर पुन्हा. हे म्हणाले, अगं, ती वाकडी नव्हती, तशी ठेवली होती, मागचं टोक जमीन धरून राहावं म्हणून. मी म्हटलं, मग तसं सांगायचं होतं. हे म्हणाले, झोपेत?

निकाल: दुसरी फायनल, शेवटून दुसरे. माती फारच भुसभुशीत होती.

बुधवार, ७ जानेवारी

मुळावर घाव घालायचा ठरवला. मूळ म्हणजे मागची खोली.

घरातली एवढी एक खोली मी लग्नापासून लावलेली नाही. दारात उभी राहिले की हे म्हणायचे, काय हवंय? मी म्हणायची, काही नाही, बघतेय. हे म्हणायचे, बघून झालं की दार ओढून घे. आज मात्र स्क्रू पिळायचे म्हटल्यावर मला आत जावंच लागलं. ह्यांचा इलाज चालला नाही.

टेबलावर पसारा. स्प्रिंगा चहाच्या कपात. तेलाच्या बाटल्या सगळ्या सारख्या, कोणाच्या गळ्यात लाल रबर, कोणाच्या निळं, कोणाच्या हिरवं. बहुतेक अर्ध्या रिकाम्या. हे म्हणाले, लाल पातळ, हिरवं जाड, माझं मला कळतं. मी म्हटलं, तुमचं तुम्हाला कळतं म्हणून तर दुसरी फायनल. हे बाहेर जाऊन बसले.

दिवसभरात खोली ओळखू येईना. रबरं काढून फेकली. अर्ध्या बाटल्या एका मोठ्या बाटलीत ओतल्या. पातळ आणि जाड मिळून मध्यम होतं. सरासरी म्हणतात त्याला. बाटलीवर लेबल: शॉकअप तेल. जागा केवढी तरी वाचली.

हे संध्याकाळी आत आले. बराच वेळ बाटलीकडे बघत उभे होते. मग म्हणाले, छान दिसतंय. 

रविवार, ११ जानेवारी

शॉकअप भरले, चारही. ह्यांनी शेजारी बसून सांगायचा आग्रह धरला. म्हणे, तेल ओतलं की दांडी हळूहळू वरखाली करायची, आतले बुडबुडे वर येईपर्यंत थांबायचं. किती थांबायचं? हे म्हणाले, येईपर्यंत. ही काय उत्तर द्यायची पद्धत झाली? मी झाकणं लावून मोकळी झाले.

नंतर खाली पार्किंगमध्ये चालवून पाहिली. गतिरोधकावरून गेली ती बेडकासारखी तीनदा उडाली आणि कोणाच्या तरी स्कूटरखाली शिरली. हे म्हणाले, बुडबुडे. मी म्हटलं, गतिरोधक नियमापेक्षा उंच आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढणार.

शनिवार, १७ जानेवारी

वन्सं आल्या होत्या. ह्यांची धाकटी बहीण, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त. कॉमर्सच्या. केस कापलेले, चप्पल दारात एकीकडे एक, दुसरीकडे दुसरी. क्लबमध्ये त्याही पडीक असतात. वळणावर उभं राहून दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करून देतात. ह्या वयात.

आल्या त्या तडक मागच्या खोलीत. बगी दोन्ही हातांनी दाबली आणि सोडली. पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. म्हणाल्या, वहिनी, ही उठतेय की बसतेय? एक बाजू झोपेत आणि एक बाजू नाचतेय. ह्यात ओतलंय काय? मी म्हटलं, सरासरी. त्या म्हणाल्या, काय? मी पुन्हा सांगितलं. दोघं भावंडं खाली फरशीकडे बघायला लागली. खांदे हलत होते. साठी उलटलेली माणसं.

जाताना वन्सं दारात ह्यांना हळूच म्हणाल्या, दादा, गाडी आठ दिवस माझ्याकडे ठेव. मला ऐकू येतं, कान शाबूत आहेत. मी आतूनच सांगितलं, काही गरज नाही, एका गाडीला दोन माणसं लागली की कोणाचंच लक्ष राहत नाही. वन्सं म्हणाल्या, तेच म्हणतेय मी, वहिनी.

म्हणजे त्यांनाही पटलं.

शुक्रवार, ३० जानेवारी

परवा गालिचा. तयारी पूर्ण.

ह्यांच्या सूचना: गालिच्यावर टायर फार घट्ट धरतात, तेव्हा गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली आण, स्प्रिंगा कडक लाव, नाहीतर वळणावर उलटेल. टायरला बाटलीतलं औषध चोळून अर्धा तास कपड्यात गुंडाळून ठेव. मी म्हटलं, टायर आहे की तान्हं बाळ? वास तर असा की डोकं उठलं. ती बाटली बाल्कनीत ठेवली, तिथून ती पडली.

कडक स्प्रिंगा लावल्या. उंचीचं मात्र मला पटलेलं नाही. गाडीचं पोट मी तीन दिवस पॉलिश केलं आहे, आता त्यात चेहरा दिसतो. खाली आणली तर घासणारच. आणि गालिचा मऊ. मऊ जागी कोणी वाकून चालतं का? हे दोनदा विचारून गेले, खाली केलीस ना? मी म्हटलं, केली. थोडी केली आहे. नजरेला कळणार नाही इतकी, पण केली आहे.

संकल्प: रविवारी मैदानावर कमी बोलायचं. काम बोलेल.

रविवार, १ फेब्रुवारी

हॉलमध्ये उजेड चांगला नव्हता.

पहिल्या वळणावर गाडी उलटली. कोणीतरी सरळ केली. दुसऱ्या वळणावर उलटली. क्लबचा सेक्रेटरी दाढीवाला आहे, माइक हातात आला की त्याला गप्प बसवत नाही. तो म्हणाला, आणि काकांची गाडी पुन्हा छपरावर! नंतर म्हणाला, छपराला पॉलिश केलंय की पोटाला? पोट सारखं वर येत होतं, म्हणून लोकांना दिसलं. चकाकत होतं, हे कबूल करायलाच हवं. वन्सं त्यांच्या वळणावरून ओरडल्या, दादा, घाई नको, मी आहे इथे. दर फेरीला गाडी त्यांच्यासमोर उलटायची आणि त्या धावायच्या. त्यांचाही व्यायाम झाला.

हे मचाणावर बाकीच्यांच्या मधे उभे. रिमोट दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. गाडी उलटली की हे नुसता रिमोट थोडा खाली करायचे आणि थांबायचे.

खाली आल्यावर ह्यांनी गाडी हातात घेतली आणि पोटाखाली बोट घातलं. बोट सहज गेलं. म्हणाले, खाली केलीच नाहीस तू. मी म्हटलं, थोडी केली. गेल्या वेळी चारचौघांत बोलले होते, ह्या वेळी एवढंच बोलून गप्प बसले. ही सुधारणा नोंदवून ठेवते.

निकाल: दुसरी फायनल, शेवटचे. आता उरली एक शर्यत.

बुधवार, ४ फेब्रुवारी

दाढीवाल्याला फोन करून सांगितलं की गालिचा पसरताना त्याची वीण एका दिशेला हवी, ती नव्हती. तो म्हणाला, काकू, बाकीच्यांच्या गाड्या त्याच गालिच्यावर पळाल्या. मी म्हटलं, बाकीच्यांनी तक्रार केली नाही म्हणून चूक बरोबर ठरत नाही. तो म्हणाला, बरं काकू. परीक्षा विभागातही सगळे शेवटी बरं म्हणत.

लेकीचा फोन आला. तिला आत्याने सगळं तिखटमीठ लावून सांगितलेलं होतं. म्हणाली, आई, बाबांचं एवढं एकच आहे गं. मी म्हटलं, म्हणून तर ते नीट व्हायला हवं. ती म्हणाली, नीट म्हणजे तुझ्यासारखं? मी म्हटलं, दुसरं कसलं नीट असतं? तिकडून आवाज आला नाही. लाइन हल्ली फार खराब असते.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आज मन प्रसन्न आहे. कारण लिहिते.

मागची खोली पुन्हा झाडायला काढली. हे रोज सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडतात आणि वन्संच्या अंगणात जाऊन बसतात, हे मला कळलेलं आहे. कपड्यांवर सिमेंटची धूळ असते. मी बोलत नाही. तेवढ्या वेळात माझी कामं होतात.

टेबलाखाली, अगदी भिंतीला लावून, बुटांचा एक जुना खोका सापडला. आत मऊ फडकं, फडक्यात टायर. पार झिजलेले. काट्यांच्या जागी नुसते ठिपके, हात फिरवला तर टक्कल. असली घाण गुंडाळून ठेवायची ह्यांची सवय जुनीच आहे. फाटके बनियनही असेच जपतात. खोक्यावर लेबल नाही, काही नाही. मी फडकं धुवायला टाकलं आणि बाकी सगळं खाली नेऊन दिलं. कचऱ्याची गाडी दारातच उभी होती. योग असतो एकेक.

मग दुकानात गेले आणि त्यांच्याकडचे सगळ्यात उत्तम टायर आणले. काटे असे की बोटाला टोचतात. दुकानदाराने विचारलं, कुठल्या मातीसाठी? मी म्हटलं, उत्तम मातीसाठी. तो अजून काहीतरी विचारत होता. दुकानदारांना बोलायची सवय असते.

ह्यांना शनिवारी दाखवायचे. ह्या घरात कोणी कोणाला अचानक काही आणून द्यायची पद्धत नाही. मी सुरू करते आहे.

शनिवार, १४ फेब्रुवारी

टायर टेबलावर ओळीने मांडून ठेवले होते. हे आले, बघितलं, म्हणाले, अरे वा. मग टेबलाखाली वाकले. सरळ झाले. पुन्हा वाकले.

विचारलं, इथला बुटांचा खोका?

मी म्हटलं, टाकला. टकले टायर होते त्यात.

कुठे टाकलास?

कचऱ्यात. आणखी कुठे टाकतात?

कधी?

परवा.

गाडी येऊन गेली?

म्हटलं, तेव्हाच, माझ्यासमोर.

हे स्टुलावर बसले. मग सांगायला लागले, आवाज न चढवता, क्लासमध्ये मागे राहिलेल्या मुलाला सांगावं तसं. घट्ट माती झाडून झाडून आरशासारखी होते. तिच्यात काटे रुततच नाहीत, गाडी काट्यांच्या टोकांवर तरंगते. तिथे झिजलेलाच टायर लागतो. फार झिजला तर फाटतो, कमी झिजला तर घसरतो. मधला तो एक टप्पा असतो, आम्ही त्याला टायर पिकला म्हणतो. बाजारात मिळत नाही तो. दोन हंगाम घासले होते मी ते, बहिणीच्या सिमेंटच्या अंगणात. ह्याच शर्यतीसाठी ठेवले होते.

मी म्हटलं, मग खोक्यावर लिहायचं होतं.

हे म्हणाले, माझ्या खोलीत ते माझ्यासाठी होते गं. मला कशाला लिहून ठेवू?

मी म्हटलं, पण नवे कसे वाटले ते सांगा.

ह्यांनी एक टायर उचलला. तो टेबलावर परत ठेवताना खडखड झाली. म्हणाले, बरोबर आहे तुझं. नवे छान आहेत.

नवे टायर पसंत पडले. तारीख वर आहेच.

जेवताना हात फारच कापत होता. थंडी असावी. खिडक्या लावून घेतल्या.

सोमवार, १६ फेब्रुवारी

हे शर्यतीपर्यंत वन्संकडे राहायला गेले. कल्पना तशी माझीच. सकाळी हे म्हणाले, मी थोडे दिवस बहिणीकडे जातो. मी लगेच म्हटलं, जा ना, अंगण आहे, सरावाला बरं. बगी, रिमोट, चार्जर घेतले. मी नवे टायर पिशवीत घातले होते, ते विसरले. बॅग मी भरली. औषधं वेळेप्रमाणे पुड्या करून दिली. हे दारात म्हणाले, दार ओढून घे. इतक्या वर्षांची सवय. जात हे होते, घरात मी होते.

घर आता कसं शांत आहे. टेबल मोकळं. जिथली वस्तू तिथे.

रविवार, २२ फेब्रुवारी

सूचना द्यायला फोन केला. वन्संनी उचलला. मागून मोटरची घरघर येत होती आणि हे कोणाशी तरी मोठ्याने बोलत होते. वन्सं म्हणाल्या, वहिनी, दादा अंगणात आहे, हात ग्रीसचे आहेत. मी म्हटलं, त्यांना ग्रीसमध्ये हात घालायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. वन्सं म्हणाल्या, स्क्रू मी पिळते, तो फक्त सांगतो. मी म्हटलं, तुम्हाला त्यातलं काय कळतं? त्या म्हणाल्या, काही नाही, म्हणून तर तो सांगतो ते ऐकते.

मी म्हटलं, टायरचं काय करणार? नवे इथे आहेत. त्या म्हणाल्या, बघू, क्लबमधल्या लोकांना विचारलंय.

म्हणजे घरात उत्तम माल असताना लोकांकडे मागणं. मी स्वतःच टायर घेऊन जाणार आहे, १ तारखेला, शर्यतीच्या दिवशी. ऐन वेळी माझी आठवण येणार, हे मला दिसतं आहे.

संकल्प: निळी साडी. गुण्या पर्समध्ये.

रविवार, १ मार्च

गेले होते. सविस्तर लिहिते, कारण उद्या प्रत्येक जण वेगळं सांगेल.

पोचले तेव्हा पात्रता फेऱ्या चालू होत्या. माती खरंच आरशासारखी होती. ती तशी का करतात, कळत नाही. वन्सं टेबलापाशी गाडी उलटी धरून बसल्या होत्या. पोटावर ओरखडेच ओरखडे, पॉलिशचा मागमूस नाही. मागची चाकं पुन्हा वरून आत कललेली. दारू प्यायल्यासारखी. मी पर्स उघडली. वन्सं म्हणाल्या, वहिनी, ठेवा तो गुण्या आत. हसत नव्हत्या.

मी टायरचा खोका पुढे केला. त्या म्हणाल्या, ठेवा तिथे खुर्चीवर. टायर लावून झाले होते. चारही टकले, चारही वेगवेगळ्या माणसांचे. प्रत्येकाने आपल्या खोक्यातून एकेक काढून दिला होता म्हणे. असा टायर कोणी कोणाला देत नाही म्हणे. हे सगळं मला दाढीवाल्याने माइक बाजूला धरून सांगितलं. एवढंच त्याने माइक बाजूला धरून सांगितलं.

हे मचाणावर होते. मला बघितलं नसावं. गाडी वळणावर आली, मागचं टोक किंचित सुटलं आणि धरलं. प्रत्येक वळणावर किंचित सुटायचं आणि धरायचं. वन्सं खालून नुसतं हं, हं, म्हणत होत्या. घोड्याला म्हणतात तसं.

पात्रता: दहावे.

दाढीवाल्याने माइकवरून पहिल्या फायनलची नावं वाचली. ह्यांचं नाव शेवटी. गाडी कोणी लावली, तेही वाचतात. वन्संचं नाव वाचलं. परीक्षा विभागात अशा चुका आम्ही दुरुस्तिपत्रक काढून सुधारत असू.

फायनलमध्ये हे दहावेच आले. पार शेवटचे, बाकीचे एकेकदा ओलांडूनही गेले. तरी मचाणावरून उतरले तेव्हा टाळ्या अशा की जिंकणारा मागे वळून बघायला लागला. वन्संनी ह्यांचा उजवा हात, कापणारा, दोन्ही हातांत धरला आणि दोघं हसायला लागली. ह्यांचा एक दात मागे तिरपा आहे, तो पूर्ण हसल्याशिवाय दिसत नाही. मी विसरले होते.

मी पुढे होणार होते. पण मधे माणसं फार होती, आणि घरी पाण्याची मोटर चालू राहिली असेल असं एकदम वाटलं. परत आले. मोटर बंद होती.

ही कामगिरी मुळात स्वच्छतेवर उभी आहे, आणि ती स्वच्छता मी केली होती. नोंद असावी.

सोमवार, २ मार्च

हे आले नाहीत. सत्कार वगैरे असेल.

शनिवार, ७ मार्च

आज वन्सं उरलेलं सामान न्यायला आल्या. फोन काल केला होता. म्हणाल्या, दादाला अजून थोडे दिवस इथे बरं वाटतंय. मी म्हटलं, हंगाम संपला. त्या म्हणाल्या, पुढचा येईल की. डॉक्टर पुढच्या वर्षीबद्दल काय म्हणाले ते मी सांगितलं. त्या म्हणाल्या, माहीत आहे आम्हाला.

सगळं काढून, पुसून, दारापाशी मांडून ठेवलं होतं. मोजून दिलं ते असं:

टेबलाचा दिवा, भिंगासकट, एक.

ॲलन कीचा जुडगा, आकाराप्रमाणे लावलेला, एक.

स्प्रिंगा, डब्या चार, लेबलं माझी.

सोल्डरची गन, वायर गुंडाळलेली.

नवे टायर, खोका एक, न वापरलेले. ते वन्संनी घेतले. म्हणाल्या, घासेल दादा अंगणात, होतील हळूहळू.

मऊ फडकं एक, धुतलेलं, इस्त्री केलेलं. ते कशाचं, त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

ह्यांचे पातळ शर्ट सहा. उन्हाळा येतो आहे. हे मी सुचवलं, वन्संनी मागितले नव्हते. मागितले होते का, आता नक्की आठवत नाही.

ह्यांची उशी एक. ही मागितली होती.

न घेतलेलं: शॉकअप तेल, मोठी बाटली एक. वन्सं म्हणाल्या, ही सरासरी तुमच्याकडेच असू द्या.

मिळालं म्हणून वन्संनी खाली सही केली. ह्यांचीही सही हवी होती. हे खाली गाडीत बसून होते. जिने चढवत नाहीत म्हणून वर आले नाहीत, असं वन्सं म्हणाल्या.

लिफ्ट चालू आहे.